बॅचलर्स ग्रोव्ह: भुतांनी राखलं की भुतांनी खाल्लं?

कंदीलवाला:
शिकागोच्या नैऋत्येला मिडलोथियनजवळच्या रानात बॅचलर्स ग्रोव्ह नावाची जेमतेम एकरभर दफनभूमी आहे. १८३०-४०च्या दशकांत अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागातून आलेल्या आणि नंतरच्या जर्मन वसाहतकऱ्यांची. एकूण ८२ भूखंड, पण आज उभे दगड थोडेच. ऑफिसात हॅलोविन जवळ आला की कुणीतरी तिथली पांढरी बाई काढतंच. तान्ह्या बाळाला घेऊन पौर्णिमेला फिरते म्हणे. शिवाय दिवा लागलेलं एक घर दिसतं आणि जवळ जावं तसं मागे सरकतं.

माझं म्हणणं सरळ आहे. या गोष्टींनीच त्या जागेचं वाटोळं केलं. १९६०च्या दशकात शेजारून जाणारा जुना रस्ता वाहनांना बंद झाला, वर्दळ संपली आणि 'भुताटकीची जागा' म्हणून रात्री बिअर घेऊन पोरं येऊ लागली. दगड पाडले, रंगवले, तळ्यात ढकलले, थडगी उकरली. त्याआधी लोक तिथे डबे घेऊन यायचे, तळ्यावर मासे धरायचे. कुणाचे आजी-आजोबा निजलेत तिथे, आणि आपण त्यांचा करमणुकीचा कार्यक्रम करून टाकला.

सडाफटिंग_६०४:
नावावरून आलो, निराश झालो. :) पण नावाची गोष्टही मजेशीर आहे. काहींच्या मते इथे आधी येऊन राहिलेले बरेचसे सडेफटिंग होते म्हणून बॅचलर्स. काहींच्या मते बॅचेल्डर आडनावाच्या कुटुंबावरून, पुढे उच्चार घासला. आता मुद्दा. शिकागोच्या या इलिनॉय राज्यात शेताच्या बांधाला अशा कितीतरी घरगुती दफनभूम्या आहेत. त्यातली दुसरी एक सांगा बरं नावानिशी. नाही ना येत? भुतं नसती तर हीसुद्धा झुडपांत गडप झाली असती. कंदीलवाले, तुम्ही स्वतः हा धागा काढलात तो पांढऱ्या बाईमुळेच.

कंदीलवाला:
गडप झाली असती तर निदान दगड शाबूत राहिले असते.

तर्कट:
बाईचा तो फोटो बघितलाय का कुणी? १९९१ सालचा, भूतसंशोधक मंडळींनी भरदिवसा काढलेला. थडग्यावर बसलेली, जुन्या धाटणीचा पोशाख, अंग अर्धवट पारदर्शक. 'शिकागो सन-टाइम्स'ने छापला. इन्फ्रारेड फिल्म होती. एकाच फ्रेमवर दोनदा प्रकाश पडला तरी माणूस अस्साच दिसतो, हे रोल भरायच्या कॅमेऱ्याशी झटापट केलेल्या कुणालाही ठाऊक आहे. तळ्यात घोड्यासकट ओढला गेलेला शेतकरी, गँगस्टर लोकांनी टाकलेली प्रेतं, सगळी ऐकीव माहिती. भूत नाही हे एकदा मान्य करा, मग राखलं की खाल्लं हा प्रश्नच उरत नाही.

देवराईवाली:
उरतो हो. भूत खरं नसलं तरी भीती खरी असते. आमच्या कोकणात देवराईतली वाळकी काटकी उचलायला माणूस दहादा विचार करतो, आणि त्या धाकानेच ती झाडं टिकली. मग तीच भीती शिकागोत उलटी का फिरली? मला वाटतं, देवराईतल्या भीतीला मालक असतो. गावकर असतात, गुरव असतो, गाऱ्हाणं घालायची रीत असते. बॅचलर्स ग्रोव्हच्या भुताला कुणीच उरलं नव्हतं. घराणी पांगली, दफनं थांबत आली, रस्ताही बंद. बेवारस भूत पोरांना खेळायला मिळालं. दोष गोष्टीचा नाही, गाव उठून गेल्याचा आहे.

कंदीलवाला:
हे पटतंय, पूर्ण नाही. गुरव नाही म्हणून देऊळ फोडायचं का?

जुनाखलाशी:
गाव उठून गेल्याचंच काढलंत तर थोडं मागे जा. तिथलं गाव आधी पोटावाटोमी या मूळनिवासी लोकांचं होतं. १८३३च्या शिकागो तहानंतर त्यांना मिसिसिपी नदीपलीकडे जायला लावलं आणि मग हे 'पहिले' वसाहतकरी स्थिरावले. त्या रानात पोटावाटोमींचं एकही भूत फिरताना कुणी सांगत नाही. बाई गोरी, घर पांढरं, शेतकरी गोरा. लोककथासुद्धा सातबारा बघूनच भुतं नेमते.

सडाफटिंग_६०४:
शेवटचं वाक्य ढापतो आहे.

पिठलंभाकरी:
मी दोन वर्षांपूर्वी मुलीला घेऊन दुपारची गेले होते. भुताबिताचं काही नाही, डास मात्र भयंकर. एका लहानशा दगडावर फक्त 'इन्फंट डॉटर' असं कोरलंय. नाव नाही. त्याच्यापुढे नाणी, खेळण्यातल्या मोटारी, बाहुल्या ठेवलेल्या. भुताची गोष्ट ऐकून आलेली माणसंच ठेवतात हे. माझ्या मुलीनेही हातातली बाहुली ठेवली आणि घरी येईपर्यंत रडली. कंदीलवाले, नासधूस करणारे आणि बाहुली ठेवणारे, दोघांनाही तीच बाई तिथे घेऊन येते. तुम्ही एकालाच मोजताय.

जायचं असेल तर गाडी रुबिओ वूड्सच्या पार्किंगमध्ये लावा आणि समोरचा मोठा रस्ता जपून ओलांडा. सूर्यास्तानंतर थांबू नका, जंगल बंद होतं.

कंदीलवाला:
शनिवारी जातो आहे. बाहुली असली तर फोटो काढून इथे टाकेन. इन्फ्रारेड नाही, तर्कटराव.