इंडियानाचा २०२४चा सीझन: खरी कमाई की लिंबूटिंबूंवर साफ केलेला हात?

गडबडगुंडा:
आमच्या डबा खायच्या टेबलावर यावरून रोज वाजतं, म्हणून इथे टाकतोय. इंडियाना विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ २०२३ मध्ये ३ मॅच जिंकला, ९ हरला. मग कर्ट सिग्नेटी कोच म्हणून आले आणि २०२४ मध्ये ११ जिंकल्या! विद्यापीठाच्या इतिहासात दोन आकडी विजय त्याआधी कधीच नव्हते. वर पहिल्यावहिल्या १२ संघांच्या प्लेऑफमध्येही (राष्ट्रीय अजिंक्यपदाची बाद फेरी) पोचले. तरी लोक म्हणतात लॉटरी लागली. लॉटरी सलग दहा वेळा लागते का?

वाकडतोंड्या:
लॉटरी नाही, वेळापत्रक. वेस्टर्न इलिनॉय ७७-३, पर्ड्यू ६६-०. त्या पर्ड्यूने अख्ख्या सीझनमध्ये एकच मॅच जिंकली! ओरेगन, पेन स्टेट वाट्यालाच आले नाहीत. अवघड पेपर दोनच, आणि दोन्हीत नापास. ओहायो स्टेटने ३८-१५ धुतलं. नोटर डेमविरुद्ध शेवटच्या दोन मिनिटांपर्यंत २७-३ होतं, नंतरचे दोन टचडाउन म्हणजे वरातीमागून घोडं.

जुना_हूजियर:
वेळापत्रक काय सिग्नेटींनी आखलं? ज्या दोघांकडून हरले तेच दोघे २० जानेवारीला फायनल खेळले. आणि आदल्या वर्षीची फायनल खेळलेले मिशिगन आणि वॉशिंग्टन? दोघांनाही इंडियानाने हरवलं.
आम्ही ब्लूमिंग्टनला (इंडियाना विद्यापीठाचं गाव) होतो तेव्हा मॅच म्हणजे पार्किंगमध्ये ग्रिल पेटवायची, खायचं, आणि फार तर हाफटाइमपर्यंत आत बसायचं. देव एकच, बास्केटबॉल. त्या गावात नोव्हेंबरात लोक फुटबॉलबद्दल भांडतायत, हेच मला पुरे.

वाकडतोंड्या:
मिशिगन-वॉशिंग्टनचे कोच गेलेले, क्वार्टरबॅकही (चढाई चालवणारे मुख्य खेळाडू) गेलेले. पाटी तीच, दुकान रिकामं. त्यापेक्षा अलाबामाला प्लेऑफमध्ये घ्यायचं होतं.

जुना_हूजियर:
एरवी दुबळ्या व्हँडरबिल्टकडून हरलेल्या अलाबामाला? बरं.

शेंगदाणा:
माझी तक्रार वेगळी. सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठातून येताना १३ खेळाडू सोबत घेऊन आले. क्वार्टरबॅक रॉर्क ओहायो विद्यापीठाचा (ओहायो स्टेट नव्हे, ते वेगळं). ऊसतोडीचा मुकादम टोळी घेऊन फडात उतरतो, त्यातला प्रकार. याला कॉलेजचा संघ म्हणायचं?

गडबडगुंडा:
टोळी आणायची मुभा सगळ्यांनाच आहे, फड सगळ्यांना साफ करता येत नाही. आणि तो रॉर्क गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला असताना एक मॅच सोडून पूर्ण सीझन खेळला, हे नंतर कळलं. मुकादमाच्या धाकाने कोणी असं खेळत नाही.

शेंगदाणा:
गुडघ्याचं माहीत नव्हतं. तेवढ्यापुरती माघार.

जुना_हूजियर (जानेवारी २०२६):
धागा वर काढतोय. पुढच्याच सीझनच्या प्लेऑफमधली ‘रोझ बोल’ मॅच: इंडियाना ३८, अलाबामा ३. मग मायामीला हरवून अजिंक्यपद, १६-०. वाकडतोंड्याला कोणीतरी उठवा रे.

वाकडतोंड्या:
जागाच आहे. अभिनंदन, मनापासून. पण धागा २०२४चा आहे, आणि पर्ड्यूने त्या वर्षी एकच मॅच जिंकली होती.