सिम्युलेटर आधी की ग्राफ पेपर आधी?

धागाकर्ता: केमिकल इंजिनिअरिंगच्या मुलांना दुसऱ्या वर्षापासूनच प्रोसेस सिम्युलेटर (कारखान्यातली प्रक्रिया संगणकावर चालवून बघायचं सॉफ्टवेअर) शिकवावा, असं माझं ठाम मत आहे. लायसन्स परवडत नाही ही सबब आता चालणार नाही. डीडब्ल्यूसिम हा सिम्युलेटर फुकट मिळतो, आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पामुळे त्याचे स्पोकन ट्युटोरियल आणि विद्यार्थ्यांनी केलेल्या फ्लोशीट (प्रक्रियेचे आराखडे) ऑनलाइन खुल्या आहेत. तरी डिस्टिलेशन कॉलम (उकळून मिश्रण वेगळं करायचा मनोरा) म्हटला की ग्राफ पेपर आणि मॅककेब-थीलच्या पायऱ्या, म्हणजे आलेखावर पायऱ्या काढून कॉलमचे टप्पे मोजणं! पद्धत १९२५ ची. रिफ्लक्स (वरची वाफ थंड करून कॉलममध्ये परत सोडलेला द्रव) बदलून बघायचा तर आलेख पुन्हा काढा. मग कोण बघतंय?

डिस्टिलरीवाला: मला हे अजिबात पटत नाही. आमच्याकडच्या ट्रेनींना मी इथेनॉल-पाण्याचा कॉलम करायला देतो. कोणीतरी राउल्टचा नियम (मिश्रण आदर्श आहे असं धरणारं मॉडेल) निवडतं आणि ९९.५ टक्के इथेनॉल काढून दाखवतं. प्रत्यक्षात वातावरणीय दाबाला साधा कॉलम वजनाने ९५.६ टक्क्यांच्या आसपास अडकतो, कारण तिथे अझिओट्रोप आहे, म्हणजे वाफेतलं आणि द्रवातलं प्रमाण सारखंच होतं. पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलसाठी आम्ही उरलेलं पाणी शोषणारे मॉलिक्युलर सीव्ह उगाच बसवतो का? सॉफ्टवेअर मात्र कुठेच हटकत नाही. समतोल रेषा (द्रवात इतकं इथेनॉल असताना वाफेत किती, हे दाखवणारी) आलेखाच्या कर्णाला छेदताना ज्याने स्वतः काढली, तो ही चूक करणार नाही.

धागाकर्ता: पण ती रेषा ज्या आकड्यांवरून काढली ते पुस्तकाने आयते दिलेले असतात. मॉडेल निवडायची वेळ मुलांवर येतच नाही, म्हणून तर तुमच्याकडे येऊन ती चुकतात! वर्गातच एकदा राउल्ट, एकदा एनआरटीएल (आदर्श नसलेल्या मिश्रणांसाठीचं मॉडेल) लावायला सांगा आणि दोन्ही रेषा प्रयोगाच्या आकड्यांशेजारी ठेवा. अझिओट्रोप कुठे हरवला ते दिसेल.

प्राध्यापक: दोघांनीही कॉपीचा विचार केलेला नाही. एकाची फाइल वर्गभर फिरते. मी प्रत्येकाला वेगळं फीड (कॉलममध्ये जाणारं मिश्रण) देते आणि तोंडी विचारते. वेळ खूप जातो, पण मॉडेल का निवडलं हे ज्याला सांगता येत नाही त्याला मी मार्क देत नाही. आणि घरी लॅपटॉप नसलेली मुलं आहेत, त्यांच्यासाठी संध्याकाळी लॅब उघडी ठेवायलाच हवी.

डिस्टिलरीवाला: दोन रेषांची तुलना मान्य, मॅडमची तोंडी परीक्षाही मान्य. क्रम मात्र मान्य नाही. कागदावर मास बॅलन्सचा (आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या वस्तुमानाचा) ताळा जुळलेला नसेल तर मी ट्रेनीची फाइल उघडत नाही. रिफ्लक्स वाढवला की रिबॉयलरची (कॉलमच्या तळाशी द्रव उकळणाऱ्या भागाची) स्टीम का वाढते, हे माउस हातात घेण्याआधी सांगता आलं पाहिजे.