छातीच्या लायपोसक्शननंतर वजन वाढलं, चरबी पोटावर सरकतेय का? मदत हवी आहे

गायनेकोमॅस्टियासाठी (पुरुषाच्या छातीत स्तनग्रंथी वाढणं) दोन्ही बाजूंचं लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढणं) झालं आहे, स्तनाग्राखालची ग्रंथीही काढली आहे. आता पाच महिने झालेत. वजन तेव्हा ८१ किलो होतं, आता ८५ आहे. छाती सपाटच आहे, पण पोट आणि काखेमागचा भाग भरलाय. हात कमरेवर दाबून उभं राहिलं की डाव्या स्तनाग्राखाली खळगा दिसतो. छातीतली चरबी दुसरीकडे गेली का? वजन उतरवलं तर खळगा भरेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

चरबी सरकत नाही. लायपोसक्शनने त्या जागेच्या बऱ्याच चरबीपेशी निघून जातात, पण सगळ्या नाहीत. पुढे जास्तीची ऊर्जा साठवायची वेळ आली की शरीर ती शिल्लक पेशींत भरतं. पोट, कंबर, काखेमागचा भाग इथल्या पेशींना कोणी हात लावलेला नसतो, त्यामुळे त्या आधी फुगलेल्या दिसतात. छातीवर उरलेल्या पेशीही फुगतात, फक्त संख्या कमी असल्याने कमी जाणवतात.

आता हिशोब बघा. एक लिटर चरबीचं वजन साधारण ९०० ग्रॅम. छातीतून दोन्ही बाजू मिळून अर्धा-पाऊण लिटर निघालं असं धरलं, तरी काट्यावर फरक अर्ध्या किलोच्या आसपास. पहिल्या आठवड्यात तर शस्त्रक्रियेवेळी टोचलेल्या द्रवामुळे आणि सुजेमुळे वजन किलो-दोन किलो वाढलेलंही दिसतं. पण पाचव्या महिन्यात ४ किलो वाढ सुजेची नसते. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. ४ किलो म्हणजे ३०,८००, १५० दिवसांत वाटले तर रोजच्या जेमतेम २०० जास्त. व्यायाम बंद आणि जेवण पूर्वीइतकंच, एवढ्यावर हे सहज होतं.

पोटाकडे मात्र गांभीर्याने बघा, कारण त्यात आतड्यांभोवतीची चरबीही असू शकते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधल्या अभ्यासात पोटाचं लायपोसक्शन झालेल्या स्त्रियांपैकी ज्यांनी व्यायाम केला नाही, त्यांची ही आतली चरबी सहा महिन्यांत सुमारे १० टक्के वाढली. व्यायाम करणाऱ्यांची वाढली नाही. अभ्यास स्त्रियांवरचा आणि पोटाचा आहे, तेव्हा छातीला आकडा जसाच्या तसा लावू नका. व्यायामाचा धडा तेवढा घ्या.

प्रतिसाद २

खळग्याबद्दल. ग्रंथी काढताना स्तनाग्राखाली साधारण एक सेंटिमीटर जाडीचा थर मुद्दाम ठेवतात. तो फार पातळ झाला तर मधे बशीसारखी खोलगट जागा होते. दुसरं कारण म्हणजे आतला व्रण कातडी आणि छातीच्या स्नायूला एकमेकांशी चिकटवतो.

फरक घरी तपासता येतो. बाजूने उजेड येईल असे आरशासमोर उभे राहा. आधी हात सैल सोडा, मग तळवे कमरेवर दाबून छातीचा स्नायू आवळा. आवळल्यावरच खळगा पडत किंवा खोल होत असेल तर चिकटल्याची शक्यता जास्त. सैल असतानाही तेवढाच दिसत असेल तर आतलं मांस कमी पडलंय. तुमच्या वर्णनावरून पहिलं वाटतं, पण खात्री सर्जननेच हाताने तपासून करायची.

वजन वाढलं की खळग्याभोवतीची कड फुगते आणि मधला भाग तसाच राहतो, म्हणून तो जास्त उठून दिसतो. वजन उतरलं की कड बसते. खळगा भरत नाही, उथळ वाटतो. व्रण मऊ व्हायला वर्षभर लागू शकतं, तेव्हा दुरुस्तीची घाई नको. पुढे चरबी भरायची वेळ आलीच तर आधी वजन स्थिर करा. भरलेल्या चरबीतली काही विरघळते, आणि जी टिकते ती पुढे वजनाबरोबर फुगते किंवा आटते.

प्रश्नकर्ता

धन्यवाद. प्रेशर जॅकेट पुन्हा घालू का? आणि किती वेगाने उतरवू?

प्रतिसाद १

नको. जॅकेटचं काम सूज आवरणं आणि कातडी बसवणं, तेही साधारण पहिले ४ ते ६ आठवडे. चरबी त्याने जात नाही. आता घट्ट घातलं तर काखेखाली वळी पडेल एवढंच.

आठवड्याला अर्धा किलोपर्यंत उतरवा. मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर शरीराच्या दर किलोला १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजनी व्यायाम ठेवा, म्हणजे स्नायू टिकतात. बेंच प्रेससाठी आता सहसा अडचण नसते, पण चिकटलेल्या जागी ओढ बसून दुखलं तर थांबा. नुसत्या काट्यावर विसंबू नका. महिन्यातून एकदा सकाळी, श्वास सोडून, छातीचा घेर स्तनाग्रांच्या रेषेत आणि पोटाचा घेर शेवटची बरगडी व कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजा.

प्रतिसाद ३

एक राहिलंच. पुन्हा उभार आला आणि चिमटीत स्तनाग्राखाली रबरासारखी घट्ट चकती लागली, तर ती चरबी नव्हे, उरलेली ग्रंथी वाढतेय. ॲनाबॉलिक स्टिरॉइड (स्नायू वाढवायला घेतात ती), स्पायरोनोलॅक्टोन (लघवी वाढवणारं औषध), फिनास्टेराइड (प्रोस्टेट आणि केसगळतीसाठीचं औषध) यांनी असं होऊ शकतं. लिहून दिलेली औषधं मात्र परस्पर बंद करू नका. एकाच बाजूला कडक, न हलणारी गाठ, स्तनाग्रातून स्राव किंवा कातडी आत ओढली जाणं, यातलं काहीही दिसलं तर वजन उतरायची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.