उपासाआधीची धिरडी

‘उपासाच्या आदल्या दिवशी पॅनकेक खायचे, म्हणजे नुसती चंगळच ना?’ असं ख्रिस्ती लोकांच्या या रिवाजाबद्दल कुणी विचारतं. मला तसं वाटत नाही. मुळात हे घर रिकामं करणं होतं. मध्ययुगीन युरोपात ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपासात मांसच नव्हे, तर अंडी, दूध, लोणीही वर्ज्य असे. कोंबड्या काही अंडी द्यायच्या थांबत नाहीत. मग घरातलं अंडं-दूध-लोणी टाकून न देता पिठात कालवायचं आणि राखेच्या बुधवारच्या, म्हणजे उपास सुरू होण्याच्या दिवसाच्या, आदल्या मंगळवारी संपवायचं.

इंग्लंडमध्ये या दिवसाला श्रोव्ह ट्यूसडे म्हणतात. श्रोव्ह म्हणजे पापांची कबुली देऊन क्षमा मिळवणं. त्यासाठी चर्चची घंटा वाजे. ओल्नी गावात अशी गोष्ट सांगतात की, १४४५ साली घंटा ऐकून एक बाई हातातल्या तव्यासकट चर्चकडे धावत सुटली. तिथल्या बायका आजही अ‍ॅप्रन नि डोक्याला रुमाल बांधून, तवा घेऊन ४१५ यार्ड धावतात.

आणि हे पॅनकेक म्हणजे मधाचे जाडजूड गोळे नव्हेत बरं का! मी तिकडे असताना घरमालकीणबाईंनी करून दाखवले होते. पीठ आपल्या घावनाइतकं पातळ, कडा जाळीदार, वर लिंबू पिळून साखर. साखर दाताखाली करकरते तोवरच खायचे.

गोव्यात याच सुमाराला आले-बेले नावाची धिरडी होतात: आत ओलं खोबरं आणि गूळ. अंडं-दूध तेच, पण सारण अस्सल आपल्या किनाऱ्याचं.