वाल्देमोरोची अंगठी बाकावरची?

कोणीतरी म्हटलंय की स्पेनची बास्केटबॉलपटू अमाया वाल्देमोरो हिची ह्यूस्टन कॉमेट्स या अमेरिकेतल्या महिला लीगच्या (WNBA) संघाबरोबरची 1998, 1999 आणि 2000 ची तिन्ही विजेतेपदं, म्हणजेच विजेत्यांना मिळणाऱ्या अंगठ्या, हा बाकावर बसून मिळालेला मान. मिनिटं कमी मिळाली हे खरंच. संघात कूपर, स्वूप्स, थॉम्पसन या स्टार खेळाडू असताना कोणाला मिळणार होती? पण तिची कारकीर्द तिथून मोजू नका.

2011 मध्ये रिवास या स्पॅनिश क्लबकडून खेळताना तिची दोन्ही मनगटं मोडली. ड्रिबल, पास, शॉट, या खेळात सगळं मनगटावरच तर चालतं! पस्तिशीतली दुसरी कुणी तिथेच थांबली असती. ही परतली आणि 2013 च्या युरोबास्केटच्या, म्हणजे युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात स्पेनने यजमान फ्रान्सला त्यांच्याच घरी 70-69 असं हरवलं, तेव्हा संघात होती. सुवर्णपदक घेऊनच राष्ट्रीय संघातून निवृत्त झाली.