पायथनचे सेट: मृगबाग आणि कांदेबाग दोन्ही असलेली नावं कमी का येताहेत?

केळीबाग_भुसावळ:
राम राम मंडळी. आमच्या केळी उत्पादक गटाची लिखापढी माझ्याकडे आहे. दोन याद्या आहेत: जून-जुलैत लावलेल्या मृगबागेची २१२ नावं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या कांदेबागेची १४८. एका ओळीत नाव आणि गाव. ज्यांच्या दोन्ही बागा आहेत त्यांना रोपांची एकच चिठ्ठी द्यायची होती.

पायथन या संगणकाच्या भाषेत दोन्ही याद्यांचे सेट (प्रत्येक ओळ एकदाच ठेवणारे संच) केले. `मृग & कांदे`, म्हणजे दोन्हीकडची नावं, काढली तर ४९ आले. वहीत बोट ठेवून मोजले तर ६१! १२ जणांना दोन-दोन चिठ्ठ्या गेल्या. एक काका भर उन्हात सायकलवर जास्तीची चिठ्ठी परत करायला आले, मला फार वाईट वाटलं. कुठं चुकतंय?

अमळनेरकर:
भाऊ, अक्षर न् अक्षर जुळलं तरच सेट दोन ओळी एक मानतो. शेवटी एक स्पेस राहिली तरी नाव वेगळं. आधी प्रत्येक ओळीला `स्ट्रिप()` लावा, म्हणजे कडेच्या स्पेस जातील. आणि वजाबाकीत बाजू सांभाळा: `मृग - कांदे` म्हणजे फक्त मृगबागवाले, उलट केलं की फक्त कांदेबागवाले.

केळीबाग_भुसावळ:
५२ झाले. राहिलेले ९ पाहिले, तर सगळे कुऱ्हे आणि वऱ्हाडसीमचे! स्क्रीनवर दोन्हीकडे अगदी सारखंच दिसतंय.

तापीकाठ:
मग दोष त्या 'ऱ्ह'चा. दोन्ही याद्या वेगवेगळ्या माणसांनी टाइप केल्या असणार. एकानं 'ऱ' हे अख्खं अक्षर घेऊन हलंत दिला, दुसऱ्यानं साधा 'र', हलंत आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह. 'कुऱ्हे'ला चिन्हं मोजणारं `लेन()` लावून बघा, एकीकडे ६ येतील, दुसरीकडे ७.

युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहिलं असेल तर ते एकसारखं करणारी रीत) इथं पुरत नाही. 'र'खाली नुक्ता (टिंब) देऊन लिहिलेला 'ऱ' ते जुळवतं, जॉइनरला मात्र हात लावत नाही. `रिप्लेस()` वापरून 'र, हलंत, जॉइनर' या तिघांच्या जागी 'ऱ, हलंत' घाला, मग सेट करा.

केळीबाग_भुसावळ:
६ आणि ७ च आले! बदल केल्यावर बरोब्बर ६१. फक्त मृग १५१, फक्त कांदे ८७, आणि `मृग | कांदे`, म्हणजे दोन्ही मिळून, २९९. वहीशी जुळलं. तुमचे उपकार आहेत.

चोपड्याची_ताई:
एक राहिलं. आपल्याकडे एका गावात एकाच नावाचे दोन पाटील सहज निघतात. सेट त्या दोघांचा एक करतो आणि चुकूनही सांगत नाही, मग एकाची रोपं बुडाली. सेटमध्ये नाव घालूच नका, सभासद क्रमांक घाला.

केळीबाग_भुसावळ:
ताई, बरं झालं बोललात. मूळ फाईलमध्ये मृगबागेच्या ओळी २१३ आहेत. उद्या सकाळी त्या दोघांच्याही घरी जाऊन येतो.