मदत हवी आहे: पट्ट्या दोन, नावं दोन, आत औषध एकच?

नमस्कार. आई ६८ वर्षांची, साताऱ्याला एकटी राहते. बीपी आणि थायरॉइड आहे. परवा गेले तर तिच्या गोळ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, सगळ्या कापलेल्या पट्ट्या. दुकानदार दहाच गोळ्या मागितल्या की कात्री चालवतो आणि नाव नेमकं त्याच्याकडच्या तुकड्यावर राहतं.

तरी चष्मा लावून बसले. हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळीमागे बारीक अक्षरात 'टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ, अ‍ॅम्लोडिपिन ५ मिग्रॅ'. गल्लीतल्या डॉक्टरांच्या जुन्या गोळीचं नाव पूर्ण वेगळं, पण मागे पुन्हा 'टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ'! आई एक सकाळी घेते, एक रात्री. "डॉक्टर वेगळे, नावं वेगळी, मग औषधं वेगळीच की." उठताना दोनतीनदा अंधारी आली होती, हे आत्ता सांगतेय.

हे चुकून दुप्पट होतंय की मुद्दाम ८० दिलंय? मनानेच बंद करायची भीती वाटते. शिवाय चिठ्ठीवरचं ओडी, बीडी, एचएस म्हणजे काय? नेटवर साइड इफेक्ट वाचून माझंच बीपी वाढलं.

प्रतिसाद (मेडिकल दुकान चालवते):
ताई, ८० मिग्रॅ देतात, पण दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांतून असं झालं असेल तर बहुधा एकमेकांना माहीतच नाही. पुढची गोळी घ्यायच्या आत डॉक्टरांना फोन करा, दोन्ही पट्ट्यांचे फोटो पाठवा. बसून आणि उभं राहून, दोन्ही बीपी मोजून सांगा. चक्कर येऊन पडल्या तर फोनवर थांबू नका, दवाखाना गाठा.
ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, एचएस झोपताना. थायरॉइडची सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, चहासुद्धा अर्ध्या तासाने. कॅल्शियमची चालू असेल तर चार तासांचं अंतर.
पट्टी अख्खीच घ्या. ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडवर क्यूआर कोड असतो, मोबाइल धरला की मूळ औषधाचं नाव आणि मुदत दिसते.

धागाकर्ती:
बोलले. साधी टेल्मिसार्टन बंद करायला सांगितली. हृदयाच्या डॉक्टरांना जुनी चिठ्ठी आईने दाखवलीच नव्हती. का, तर "त्यांनी विचारलं नाही." आता उरलेल्या गोळ्या शेजारच्या काकूंना देते म्हणतेय, त्यांनाही बीपी आहे ना! डबा माझ्या पिशवीत घेतलाय.